गरीला लागलेली नावे

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बेंगळुरूस्थित माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा जे. पी. नगर येथे भरला होता. त्या प्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



हीरक महोत्सवी वर्षात मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो आढावा, निकालांचे तक्ते आणि देणगीदारांची नामावली स्मरणिकेत यथास्थित येणार आहे. त्याची पुनरुक्ती करून तुमचा वेळ घेण्यापेक्षा, शाळेने न शिकवलेल्या आणि तरीही तुम्हां सर्वांना येत असलेल्या एका विद्येविषयी बोलावे, असे मी ठरवले आहे. ती विद्या म्हणजे गरवणे. आणि माझा विषय आहे, गरवणारी माणसे माशांना जी नावे देतात, त्या नावांची भाषा.

आपली शाळा खाडीच्या काठी आहे. ती सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला. या साठ वर्षांत अभ्यासक्रम अनेकदा बदलले, परंतु रविवारी दुपारी पुलाच्या कठड्यावर गरी टाकून बसणारी मुले बदलली नाहीत. तुमच्यापैकी कित्येक जण त्या कठड्यावरूनच या महानगरात आले आहेत.

मासे पकडण्याच्या आपल्याकडे अनेक रीती आहेत. रापण ओढायला गाव लागतो, पाग फेकायला मनगट लागते आणि गरीला लागतो तो धीर. रापणीत हजारो मासे एकदम येतात. त्यांची मोजदाद होते, वाटे पडतात, ओळख मात्र क्वचितच होते. गरीला एका वेळी एकच मासा लागतो. तो हातात धरावा लागतो, त्याच्या तोंडातून गरी सोडवावी लागते, त्याचा काटा कोठे आहे आणि दात कसे आहेत, हे पाहावे लागते. पाहिले नाही, तर रक्त येते. म्हणून गरवणाऱ्याने ठेवलेल्या नावामागे नीट पाहणारा डोळा असतो.

काही नावे आठवून पाहा. शिंगाळा हा शब्द ऐकताच पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचा करवतीसारखा काटा डोळ्यांसमोर येतो. त्याचे शिंग लागले की हात ठणकतो, हे नावातच सांगितलेले आहे. करकरा पाण्याबाहेर आला की घशातील दात एकमेकांवर घासून खरोखरच करकर आवाज करतो. तांबोशीचा रंग तांब्याचा. लेप वाळूला असा चिकटून असतो की भिंतीला गिलावा केला आहे असे वाटावे. त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात, कारण दुसरी बाजू कायमची जमिनीकडे असते. टोळ पाण्याच्या पृष्ठावरून उसळतो, आणि शेतातल्या उड्या मारणाऱ्या कीटकाला आपण जो शब्द वापरतो तोच शब्द त्यालाही आहे. वागळी पंख पसरलेल्या वाघळासारखी दिसते. कानमुशी ही मुशीच, पण डोके दोन्ही बाजूंना कानांसारखे पसरलेली. केंड गरीला लागला की पोट फुगवून चेंडूसारखा होतो. तो विषारी असल्याने जाणते लोक त्याला घरी आणत नाहीत, आणि हे शहाणपण त्या दोन अक्षरांच्या नावाबरोबर पुढच्या पिढीला मिळते.

यांतील प्रत्येक नाव हे एक छोटे वाक्य आहे. कर्ता, कर्म, क्रियापद गाळलेले. पण सांगायचे ते सांगणारे. व्याकरणाच्या तासाला आपण ‘सामासिक शब्द’ शिकतो आणि विग्रह करतो. ‘कानमुशी’चा विग्रह करण्यासाठी मात्र पुस्तक पुरत नाही, त्यासाठी मासा पाहिलेला असावा लागतो.

गरवणाऱ्यांची ही भाषा मासेमारीपुरती राहिली नाही. आमिष दाखवणे, जाळ्यात ओढणे, गळ टाकणे, गळाला लागणे हे वाक्प्रचार निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर असतात. पाण्यात राहून माशाशी वैर धरू नये, हे ज्यांनी कधी खाडी पाहिली नाही तेही सांगतात. ‘गळ’ ग्रंथांत राहिला, ‘गरी’ आपल्या घरांत राहिली, वस्तू तीच. आणि परतणाऱ्या माणसाला आपल्याकडे विचारतात, “काय गावला?” उत्तर बहुधा एकच असते, “वायच.” टोपली भरलेली असली तरी ‘वायच’ आणि रिकामी असली तरी ‘वायच’. दृष्ट लागू नये, जागा कळू नये आणि बढाई दिसू नये, ही तिन्ही कामे तो एक शब्द करतो.

बेंगळुरूला राहणाऱ्या तुम्हां मंडळींना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे, जी गावातल्या मुलांना ठाऊक नसते. किनारा बदलतो तसे माशाचे नाव बदलते. रायगडकडचा जिताडा आपल्याकडे आणि गोव्यात चोणक होतो. मुंबईची बोय आपल्याकडे शेवटा होते. आपली मुडदुशी उत्तरेला रेणवी होते, आणि येथील मंगळूरी खाणावळीत तुम्ही तीच ‘काणे’ म्हणून मागवता. आपली सुरमई गोव्यात इसवण आणि येथे ‘अंजल’. आपला सरंगा मुंबईत पापलेट आणि येथे ‘मांजी’. आपली तारली येथे ‘बूताई’. बांगड्याने मात्र थोडाच वेश बदलला आहे. तो ‘बंगुडे’ झाला, तरी हाक मारल्यावर ओळख देतो. एकूण माशांनाच मुंबईचे कोळी म्हावरे म्हणतात, गोव्यात नुस्ते म्हणतात आणि आपण मासे म्हणतो.

पहिल्यांदा नोकरीसाठी या शहरात आलेल्या आपल्या मुलाला जेवणाच्या यादीत ‘काणे’ दिसले तेव्हा ते काय असावे, हे कळले नसेल. ताट समोर आल्यावर मात्र त्याला आपली खाडी दिसली असेल. नाव परके आणि मासा घरचा, हा अनुभव स्थलांतर केलेल्या माणसालाच येतो. दोन नावे जाणणारा माणूस गोंधळत नाही. एक नाव विसरून दुसरे घेणारा मात्र कधीतरी अडखळतो.

नावांविषयी गमतीदार गैरसमजही पसरतात. आपल्या बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणतात, आणि बोंबलांचे डबे वाहणाऱ्या ‘बॉम्बे डाक’ गाडीवरून ते नाव पडले, अशी कथा आजही सांगितली जाते. मुंबईत रेल्वे सुरू झाली १८५३ साली. ते इंग्रजी नाव त्याआधीच छापलेले आढळते. कथा चांगली असली तरी तारीख तपासावी, हा धडा इतिहासाच्या तासाइतकाच माशाच्या बाजारातही उपयोगी आहे.

आता मी तुम्हांला तीन ठिकाणी नेणार आहे. तिन्ही ठिकाणी मासे पकडणाऱ्यांच्या शब्दांचे काय झाले, ते पाहू.

पहिले ठिकाण कर्नाटकातच आहे. बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण हे एके काळी कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीचे नगर होते. तेथील राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ शके १०५१ च्या, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा. राजाने काय जाणावे आणि कशात रमावे याचा तो कोशच आहे. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे, आणि ते गळाने मासे पकडण्याविषयी आहे. काठी कशी असावी, दोरा कशाचा करावा, गळ केवढा असावा, कोणत्या माशाला काय खायला घालून एका जागी आणावे, हे त्यात सांगितले आहे. खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, नदीचे आणि समुद्राचे, अशी माशांची वर्गवारीही आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून आधुनिक वाचकांचे लक्ष तिकडे वेधले. त्यातील नावांमध्ये रोहित आहे, पाठीन आहे आणि ‘महाशील’ही आहे. हा महाशील म्हणजे आजचा महसीर, अशी ओळख त्यांनी पटवली.

राजवाड्यात बसून अशी यादी होत नाही. कोणता मासा कोणत्या आमिषाला येतो, हे ज्याने उन्हातान्हात पाण्याकाठी बसून पाहिले, त्या कोणा अनाम माणसाला कोणीतरी विचारले असले पाहिजे. त्याचे नाव ग्रंथात नाही, त्याचे ज्ञान आहे. आपल्यासाठी या ग्रंथाचे आणखी एक महत्त्व आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, याची नोंद याच ग्रंथात आहे. गळ टाकणाऱ्याचे शब्द आणि कांडणाऱ्या बाईची ओवी, दोन्हींना एका कर्नाटकी राजाने एकाच ग्रंथात जागा दिली. कानडी आणि मराठी यांचे नाते किती जुने आणि किती घरगुती आहे, हे जे. पी. नगरात राहणाऱ्या मराठी माणसाने अवश्य लक्षात ठेवावे.

दुसरे ठिकाण पुणे. पेशवाई संपल्यानंतर मुंबई सरकारने दख्खनची पाहणी करण्याचे काम विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे दिले. शेती, हवामान, लोकसंख्या यांबरोबर त्यांनी पक्ष्यांची आणि माशांचीही नोंद केली, आणि १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. नव्या माशांना शास्त्रीय नावे देताना त्यांनी बऱ्याच ठिकाणी येथील लोकांच्या तोंडची नावे जशीच्या तशी उचलली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महसीरला त्यांनी ‘खुद्री’ म्हटले. काट्याच्या एका लहान माशाला ‘सींगटी’ म्हटले. ही आपली शिंगटीच. आणखी एकाला ‘नुक्ता’, दुसऱ्याला ‘कोलस’. त्यांनी वापरलेल्या वंशनामांत पुढे फेरफार झाले, परंतु नावाचा हा दुसरा भाग नियमाप्रमाणे कायम राहिला. आज टोकियोतला किंवा लंडनमधला मत्स्यशास्त्रज्ञ ‘मिस्टस सींगटी’ असे लिहितो, तेव्हा तो नकळत मराठी लिहीत असतो.

‘टॉर खुद्री’ हे नाव तर अधिकच विलक्षण आहे. त्यातील ‘टॉर’ हा शब्द फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातील माशांवर लिहिलेल्या ग्रंथातून आला, आणि तोही उत्तर बंगालकडील स्थानिक नावावरून. रोहू आणि कटला यांची शास्त्रीय नावेही त्याच ग्रंथात लोकांच्या तोंडून आली. म्हणजे ‘टॉर खुद्री’ या शास्त्रीय नावाचा पहिला शब्द बंगालच्या नदीकाठचा आणि दुसरा मुळा-मुठेच्या काठचा. लॅटिन त्यात काहीही नाही. आपल्या बोलीत शास्त्र सांगता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे हे नाव वाचायला सांगते.

तिसरे ठिकाण तुमच्या अगदी जवळ आहे. येथून कनकपुरा रस्त्याने दक्षिणेकडे निघालात की शंभरएक किलोमीटरवर कावेरी भेटते. संगम, मेकेदाटू, गालिबोरे ही नावे तुम्ही सहलींच्या निमित्ताने ऐकली असतील. कावेरीच्या या भागात आणि तिच्या उपनद्यांत एक प्रचंड महसीर राहतो. १९४६ साली काबिनी नदीत गळाला लागलेला त्याच्या जातीचा मासा १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांत हा मासा दीडशे वर्षे प्रसिद्ध होता. त्याच्या पाठीच्या उंचवट्यावरून त्यांनी त्याला ‘कुबड्या महसीर’ या अर्थाचे इंग्रजी टोपणनाव दिले होते. त्याला सगळे ओळखत; पण शास्त्राच्या वहीत त्याचे पक्के नाव नव्हते.

इकडे लोणावळ्याला पुण्याच्या खुद्रीची कृत्रिम पैदास यशस्वी झाली होती, आणि तिची पिल्ले देशातील अनेक नद्यांत व जलाशयांत सोडण्यात आली. त्यांत कावेरीही होती. हेतू चांगला होता. महसीर कमी होत होता, म्हणून महसीर सोडला. परंतु ‘महसीर’ या एका शब्दाखाली दोन निराळे मासे होते, याकडे लक्ष गेले नाही.

हा फरक टिपला तो गळ टाकणाऱ्यांनी. गालिबोरेच्या तळावर मासा पकडायचा, नोंद करायची आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा, अशी पद्धत होती. नोंदवहीत ते कुबड्या आणि ‘निळ्या परांचा’ अशी दोन टोपणनावे वेगवेगळी लिहीत. १९९८ ते २०१२ या काळातील सहा हजारांहून अधिक माशांच्या या नोंदी पुढे एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. निळ्या परांच्या माशांची संख्या वाढत गेली होती आणि कुबड्यांची कोसळली होती. त्याहून चिंतेची बाब अशी की, जे थोडे कुबडे सापडत ते वर्षागणिक मोठेच सापडत. त्यांची पिल्ले जवळजवळ मिळतच नव्हती. मोठे मासे दिसत असल्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटत होते, आणि खाली नवी पिढी तयार होत नव्हती.

अखेर २०१८ साली या कुबड्याची शास्त्रीय ओळख पटली. केरळातील पांबार नदीतून आधी नोंदवलेला ‘टॉर रेमादेवी’ तो हाच, असे सिद्ध झाले. हे नाव भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञ के. रेमादेवी यांच्या गौरवार्थ दिलेले आहे. नाव निश्चित होताच त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याचा समावेश ‘अतिशय संकटग्रस्त’ या वर्गात झाला. त्याआधी तो संकटात नव्हता असे नाही. परंतु निश्चित नाव नसलेल्याचा अर्ज कोणत्या कचेरीत स्वीकारला जातो? दुसऱ्या बाजूने पाहा. शास्त्राकडे नाव नव्हते तेव्हा त्याचे अस्तित्व टिपून ठेवले ते गळ टाकणाऱ्यांच्या टोपणनावाने. ते दोन शब्द नोंदवहीत नसते, तर हिशेब करायला काहीच उरले नसते.

मित्रहो, मी मुख्याध्यापिका आहे. वर जाताना संख्या कमी होत जाते आणि खाली नवीन भरती होत नाही, ही आकृती मला मत्स्यशास्त्राच्या आधी हजेरीपटात दिसलेली आहे. आपल्या शाळेच्या दहावीच्या वर्गात बाके भरलेली दिसतात आणि पाहुणे समाधानाने जातात. मी मात्र जून महिन्यात खालच्या वर्गाचा पट पाहते. तो दरवर्षी थोडा थोडा घटतो आहे. या सभागृहातही तेच चित्र आहे. तुम्ही सर्व उत्तम मराठी बोलता. तुमच्याकडे पाहिले तर मराठीला काय धाड भरली आहे, असे कोणालाही वाटेल. तुमच्या मुलांकडे पाहिल्यावर मात्र मला गालिबोरेची नोंदवही आठवते.

पालक मला जो प्रश्न विचारतात तो प्रामाणिक असतो, आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. ते म्हणतात, “बाई, शिंगाळा म्हणून काय उपयोग? पुढे परीक्षेत ‘कॅटफिश’च येणार ना?” होय, येणार. विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे वर्ग आपल्या शाळेतही आहेत, आणि इंग्रजी आलेच पाहिजे याविषयी माझे दुमत नाही. परंतु ‘कॅटफिश’ या शब्दात आपल्या मुलाला काय दिसते? मांजर दिसते. ‘शिंगाळा’ या शब्दात त्याला काटा दिसतो. जे त्याने पाहिले आहे त्यापासून आरंभ करावा, पुढे प्रमाण मराठी नाव द्यावे, मग इंग्रजी, मग शास्त्रीय. ही चार नावे म्हणजे चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी काढून घेतली की मूल वर चढत नाही. ते फक्त वरच्या पायरीचे नाव पाठ करते. याच शिंगाळ्याच्या कुळातील नर अंडी आणि पिल्ले आपल्या तोंडात सांभाळतात आणि तितके दिवस उपाशी राहतात, हे मी वर्गात सांगते. ज्या मुलाच्या हाताला शिंगाळ्याचा काटा लागलेला असतो, ते मूल ही गोष्ट जन्मभर विसरत नाही.

बोलीतील नावे सर्वज्ञ आहेत, असा माझा दावा नाही. ‘मोरी’ या एका नावाखाली कित्येक वेगळे मासे जातात, आणि ‘महसीर’ या शब्दाने केवढा घोटाळा केला ते आत्ताच पाहिले. बोलीला शास्त्राची शिस्त हवी आणि शास्त्राला बोलीचे डोळे हवेत. दोघांची भेट घडवून आणण्याची जागा शाळा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ प्रकारच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले. चंदेरी पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर पकडू नये, असा नियम झाला. हा नियम पाळला जाण्यासाठी तो ‘सरंगा’ म्हणणाऱ्या माणसापर्यंत ‘सरंगा’ याच शब्दाने पोहोचला पाहिजे. कायद्यालाही शेवटी खाडीच्या भाषेत उतरावे लागते.

आपल्या लोकांना हे उमगलेले होते. महाड तालुक्यातील वाळण कोंडीत महसीर देवाचे मानले जातात आणि कोणी पकडत नाही. शृंगेरीला तुंगेच्या घाटावरही माशांना तेच अभय आहे. त्यांना ‘देवाचे मासे’ हे नाव मिळाले आणि त्या नावाने त्यांचे रक्षण केले. एक विशेषण बदलले की माणसाचा हात थांबतो. भाषेचे सामर्थ्य याहून सोप्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झाला, शाळेत साखरही वाटली. अभिजात दर्जासाठी प्राचीन ग्रंथ आणि शिलालेख तपासले जातात. भाषा जिवंत आहे की नाही हे मात्र आज लहान मुलाला किती गोष्टींची नावे येतात, यावरून तपासावे लागते.

म्हणून हीरक महोत्सवी वर्षात आपल्या शाळेने एक काम हाती घेतले आहे. आठवीची मुले ‘नामवही’ तयार करीत आहेत. तिचे रकाने साधे आहेत: माशाचे घरातले नाव, ते कोणी सांगितले, नाव तसे का पडले असावे, तो गरीला लागतो की जाळ्यात येतो, पूर्वीइतका मिळतो का, आणि शेवटी, शिक्षकांच्या मदतीने शोधलेले प्रमाण मराठी, इंग्रजी व शास्त्रीय नाव. पाचवा रकाना भरताना मुले घरी विचारतात, “आजोबा, हा शेवटचा कधी मिळाला होता?” आणि कधी कधी आजोबा बराच वेळ गप्प राहतात. तो मौनाचा अर्थही मुलांना कळतो. कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसलेला पर्यावरणाचा पाठ तो आहे.

या कामात तुमची मदत हवी आहे, आणि आज मी देणगी मागायला आलेले नाही. तुमच्या घरी वडीलधारी माणसे असतील तर त्यांना बोलते करा आणि त्यांचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून शाळेकडे पाठवा. गावी याल तेव्हा मुलांना एक दुपार खाडीवर न्या. मासा लागला नाही तरी चालेल, शब्द नक्की लागतील. येथील शेजाऱ्यांकडून कानडी आणि तुळू नावे विचारून घ्या. नामवहीत त्यांच्यासाठीही एक रकाना ठेवला आहे. ज्या राज्याने तुम्हांला घर दिले, त्याची भाषा मुलांना यावी आणि त्याबरोबर आपलीही यावी, यात विरोध कोठे आहे? आणि ज्यांची मुले अजून गावातच आहेत, त्या पालकांना एवढेच सांगते की, येत्या जूनमध्ये शाळा निवडताना निकालाच्या टक्क्यांबरोबर हाही विचार करा: तुमचे मूल ज्या गोष्टी रोज पाहते, त्यांना तिथे नावे असतील का?

साठ वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी खाडीकाठी ही शाळा उभारली, ती आपल्या मुलांना आपल्या भाषेत जग कळावे म्हणून. ते जग आता बेंगळुरूपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे पोहोचले आहे, याचा शाळेला अभिमान आहे. पुढच्या वर्षी नामवही छापून होईल तेव्हा तिची एक प्रत तुम्हां प्रत्येकाकडे येईल. तीत किती माशांची नावे असतील हे मी आज सांगू शकत नाही. काही नावांची नोंद मात्र फक्त तुमच्याच घरातून येऊ शकते, आणि त्या जागा मुलांनी कोऱ्या ठेवल्या आहेत.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय कर्नाटक.